काठावर सात, काट्यावर सात

स्वयंपाकघरातली वरची फळी मी अर्धीच पुसली होती. डावीकडचे डबे पुसून, नवा कागद घालून परत वर चढवले होते. उजवीकडची मोठी भांडी अजून जमिनीवर पसरलेली होती. त्यात आमचं ते अवाढव्य पातेलंही होतं, ज्यात एकेकाळी पुतण्याला बसवून आंघोळ घातलेली आहे. मी स्टुलावर उभी, हातात ओलं फडकं, आणि दारात भाऊजी.

"वहिनी, येताय ना?"

"भाऊजी, हा पसारा दिसतोय ना तुम्हाला?"

"भांडी कुठे पळून जातायत? मासे पळतात."

गॅसपाशी माझी धाकटी जाऊ उभी होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "जा हो ताई तुम्ही. मी आणि सूनबाई आवरतो हे. तुम्ही नसलात आणि मासा लागला नाही, तर हे दिवसभर तुमच्या नावाने गळा काढतील."

मी फडकं स्टुलावरच ठेवलं, हात धुतले, जपाची माळ पिशवीत टाकली आणि निघाले. अर्धवट काम टाकून जायचं माझ्या जिवावर येतं. पण भाऊजींसाठी हा दिवस वेगळा होता हे मला ठाऊक होतं. ते का, हे सांगायचं तर आधी भाऊजींविषयीच सांगायला हवं.

माझे दीर वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. आत तागड्या टांगलेल्या, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा फळीवर, आकडे लागणारे नवे काटे पोट उघडून पडलेले, आणि कोपऱ्यात गोदामातला बैठा काटा, ज्यावर येणारा प्रत्येक जण उगाच एकदा उभा राहून बघतो. खरी वजनं मात्र मखमलीच्या पेटीत असतात. त्यांना भाऊजी हात लावत नाहीत, चिमट्याने उचलतात. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा सहज एक वजन उचलायला गेले, तर माझा हात त्यांनी हवेतच अडवला. "वहिनी, बोटाच्या घामालाही वजन असतं."

दुकानदार त्यांना थट्टेने काटेसाहेब म्हणतात आणि मनातून जरा घाबरतात. कुणी काटा घेऊन आला की भाऊजी आधी काट्याकडे बघत नाहीत, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. मग विचारतात, "हा आपणहून आजारी पडलाय की तुम्ही पाडलाय?" एकदा फळवाला म्हणाला, "थोडासा इकडे झुकता ठेवा ना, तुमच्या पोरांना सफरचंदं खाऊ घालीन." भाऊजींनी त्याचा काटा दुरुस्त केला, पुसला, हातात दिला आणि सांगितलं, "आता हा तुमचं ऐकणार नाही. सफरचंदं तुम्हीच खा." तो अजून सगळ्यांना ते सांगत फिरतो आणि काटा मात्र त्यांच्याकडेच आणतो.

आणि केसभर फरक न चालणारा हाच माणूस गळ घेऊन पाण्याच्या काठावर बसला, की त्याला काय होतं देव जाणे! हाताएवढा मासा लागतो. तो दोरीला असतो तेव्हा दोन किलोचा असतो. गाडीत ठेवेपर्यंत तीनचा होतो. घराच्या वळणावर तो चारचा झालेला असतो, आणि दारात बूट काढता काढता भाऊजी दोन्ही हात लांब करून म्हणतात, "पाच! कमी नाही!" मासे मेल्यावर वाढतात हे मी आमच्याच घरात पाहिलं.

ही खोड वडिलोपार्जित म्हणायला हवी, कारण माझ्या सासऱ्यांनाही गळाचा नाद होता. सुट्टी आली की घरातली सगळी तळ्यावर. मी नवी नवरी होते तेव्हा दोन स्कूटरींवर सगळं बिऱ्हाड निघायचं. मी मागे बसून एका हाताने चहाचा थर्मास आणि दुसऱ्या हाताने गांडुळांचा डबा धरायची. कुठला हात कुठे आहे याचं भान ठेवायला लागायचं. सासरे मात्र मासा जेवढा तेवढाच सांगायचे. धाकट्या लेकाने हात लांब केले की ते चष्म्यावरून बघून विचारायचे, "हे काठावरचे किलो की काट्यावरचे?" तिथून तो शब्द घरात आला. काठावरचे किलो काट्यावर आले की निम्मे होतात, हा आमच्या घरचा हिशेब ठरून गेला. आणि शब्द एकदा घरात शिरला की नुसता माशांपुरता कशाला राहतोय! आमचे हे म्हणाले, "रस्त्यात काय गर्दी, तासभर अडकलो," की मी विचारते, "काठावर तासभर ना?" पुतण्या सांगायचा, पेपर चांगला गेला, की त्याची आई म्हणायची, "काठावर चांगला की काट्यावर?" शेजारच्या शिवणवाल्या मावशी ब्लाउज परवा देते म्हणाल्या, तर तो काठावरचा परवा असतो हे आम्ही सगळ्या जाणून असतो.

पण भाऊजी खोटं बोलतात असं मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलेलं नाही. मी त्यांच्या शेजारी खूप बसले आहे. दोरी ताणली जाते, काठी वाकते, तेव्हा त्यांच्या हाताला जी ओढ लागते ती पाच किलोचीच असते. मासा नंतर बाहेर येतो तो दीडचा. भाऊजी ओढीचं वजन सांगतात. आता ओढीचं वजन करणारा काटा कुणी बनवलेला नाही, त्याला ते तरी काय करणार?

मी स्वतः गळ धरत नाही. मी काठावर चटईवर बसून माळ ओढते. मासाही देवाचा जीव आणि भाऊजीही. मी दोघांसाठी मागते आणि कुणाचं ऐकायचं ते त्याच्यावर सोपवते. भाऊजी म्हणतात, "वहिनी, जरा माझ्या बाजूने जोर लावा ना." मी म्हणते, "माळेला बाजू नसते."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरात सूनबाई आली, माझ्या पुतण्याची बायको. औषधांच्या दुकानात काम करते, बोलायला मोकळी, हसायला पुढे. ती आल्यावरच्या पहिल्याच सहलीहून आम्ही परत आलो. तिला गाडी लागते म्हणून ती घरीच थांबली होती. भाऊजींनी दारातच हात लांब केले. "पाच!"

सूनबाईचे डोळे मोठे झाले. "बापरे! खरंच बाबा? पाच किलो?"

भाऊजींचे हात तसेच हवेत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! मग ते खुर्चीवर बसले आणि तिला सगळं सांगत सुटले. दोरी कशी गेली, काठी कशी वाकली, मासा कसा दोनदा फिरला. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. त्या दिवशी ते जेवतानाही स्वतःशी हसत होते. धाकटी मला हळूच म्हणाली, "ताई, यांना गिऱ्हाईक मिळालं."

पण हे किती दिवस टिकणार? पुढच्याच खेपेला जेवताना पुतण्याने आपल्या बायकोला काठावरच्या किलोंचा हिशेब समजावून सांगितला. आमचे हे त्यात भर घालायला बसलेलेच होते. सूनबाई पोट धरून हसली. "म्हणजे तेव्हाचा तो पाच किलोचा मासा... अय्या बाबा!" भाऊजीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. पण पानातला भात तसाच ठेवून उठले, आणि भात टाकणारा हा माणूस नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते तिथे आले. एक एक चिमटा माझ्या हातात देत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एकदा खरा मोठा लागू दे. त्या पोरीने एकदा माझ्यावर विश्वास ठेवला होता. तो खोटा ठरला, ते बरं नाही वाटत."

"तिला काही वाटलं नाही हो भाऊजी. ती हसली."

"तेच ना," भाऊजी म्हणाले. "आता तीसुद्धा हसते."

तेव्हापासून त्यांनी काठावर काटा न्यायला सुरुवात केली. हे ऐकून आमचे हे खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले होते. तबकडीचा, आकडीला टांगायचा काटा. दुकानात मखमलीच्या पेटीतली वजनं लावून तपासलेला. आणि प्रतिज्ञा अशी, की आता काटा सांगेल तेच घरात सांगायचं, एक ग्रॅम वर नाही.

पुढच्या काही खेपा आमच्या घरातल्या सगळ्यात कंटाळवाण्या गेल्या, हे इथे लिहून ठेवायला हवं. भाऊजी दारात यायचे, बूट काढायचे आणि सांगायचे, "नऊशे ग्रॅम." मग पिशवी ओट्यावर ठेवायचे. हात लांब नाहीत, दोरी नाही, मासा दोनदा फिरला नाही. धाकटी मला म्हणाली, "ताई, हे असं खरं बोलायला लागल्यापासून घरात करमेनासं झालंय हो." आणि गंमत म्हणजे सवयीने आम्ही नऊशेचंही निम्मं करत होतो. मासा भांड्यात मावला नाही की मग लक्षात यायचं.

तर त्या दिवशी, फळी अर्धी टाकून मी गेले ती या सगळ्यासाठी. पाणी उतरायला लागलं होतं, आणि उतरत्या पाण्यात मोठे मासे खोल खड्ड्याकडे सरकतात, असं भाऊजींचं म्हणणं. गाडी पुतण्याने चालवली. आमचे हे पुढे बसले आणि वाटभर त्याला गाडी कशी चालवायची ते सांगत राहिले.

तळ्यावर आम्ही नेहमीच्या जागी, बांधाच्या खालच्या अंगाला, एका आडव्या फांदीच्या झाडाजवळ बसलो. भाऊजींनी तेलात मळलेल्या कणकेची गोळी गळाला लावली, काठी मागे नेली आणि दोरी फेकली. लाल बूच पाण्यावर बसलं. पलीकडे आमच्या ह्यांनी आपला गळ टाकला आणि लगेच झाडाच्या मुळात अडकवला. ते सोडवण्यात त्यांचा आणि पुतण्याचा बराच वेळ गेला, ओरडाआरडा धरून.

"दादा, जरा गप्प बसशील का?" भाऊजी म्हणाले. "माशांना कान असतात."

"असू देत. त्यांना कळू दे कोण आलंय."

दुपारपर्यंत दोन बारके लागले. भाऊजींनी ते परत पाण्यात सोडले. डबे खाऊन झाले, चहा झाला. आमचे हे टोपी तोंडावर घेऊन आडवे झाले. बूच नुसतं डुलत होतं. माझी माळ चालू होती, पण खरं सांगते, मनात त्या दिवशी थोडी बाजू होती.

बूच बुडालं नाही. ते आडवं झालं आणि सावकाश, कुणी बोटाने ढकलावं तसं, आत आत जायला लागलं. भाऊजी उठले नाहीत. त्यांनी फक्त काठीवरची मूठ घट्ट केली. मग एकदम हिसका दिला, आणि काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्याला लागलं. फिरकी करकरायला लागली. दोरी सरसर, सरसर बाहेर चालली, आणि भाऊजी ती जाऊ देत होते.

"ओढ ना!" आमचे हे टोपी टाकून उठले. "अरे ओढ, बघत काय बसलायस?"

"ओढली की तुटेल," भाऊजी हळूच म्हणाले. "दोन्ही पारडी सारखी राहिली पाहिजेत. तो जड झाला की मी हलका, तो हलका झाला की मी जड."

मी त्यांना इतकी वर्षं मासे धरताना बघते आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मासा खोल गेला की दोरी सोडायची, थांबला की दोन वळसे गुंडाळायचे, परत गेला की परत सोडायची. हाताच्या शिरा टरारून आलेल्या, कपाळावरून घाम गळतोय, आणि चेहरा मात्र दुकानात सोनाराच्या काट्यासमोर बसतात तसा. एकदा मासा पाण्यावर उलटला. पाठ दिसली, नाण्याएवढे खवले उन्हात लखलखले आणि शेपटीने असा तडाखा दिला की आम्हा सगळ्यांवर पाणी उडालं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"दहा किलो!" हे ओरडले. "दहाच्या खाली नाही!"

"बारा, काका, बारा!" पुतण्या नाचत होता. "बाबा, बारा आहे!"

इतकी वर्षं निम्मं करणारी ही दोन माणसं! आणि ज्याला दोरीची ओढ लागत होती तो एक शब्द बोलत नव्हता. शेवटी म्हणाले ते एवढंच, "काटा सांगेल."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मासा थकला तसे भाऊजीही थकले. मासा काठाजवळ आला तेव्हा आमचे हे हातजाळी घेऊन पाण्यात उतरले. जाळीत माशाचं तोंड गेलं, बाकीचा बाहेरच. "हा मावत नाही रे!" असं म्हणत त्यांनी जाळी टाकली आणि त्याला सरळ मिठी मारली. मग चिखलात एक चप्पल गेली, दुसरा पाय घसरला, आणि मासा आणि हे असे दोघं मिळून काठावर आले. कोण कोणाला आणतंय ते कळत नव्हतं. मी देवाचं नाव मोठ्याने घेतलं. कुणासाठी घेतलं ते मलाही सांगता येत नाही.

आता सगळ्यांना काटा हवा होता. पण भाऊजींची घाई नाही. आधी त्यांनी माशाच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि जे करायचं ते झटक्यात केलं, त्याला फार तळमळू दिलं नाही. मी डोळे मिटून तेवढ्यापुरती माशाची प्रार्थना पूर्ण केली. मग काटा आडव्या फांदीला टांगला. ओलं गोणपाट एकटंच त्याला लावून बघितलं.

"आता हे कशाला?" पुतण्या कळवळून म्हणाला.

"गोणपाट माशात धरायचं नाही." मग मासा गोणपाटात घालून टांगला. "वाऱ्याच्या बाजूला उभे राहा सगळे. हलू नका. दादा, श्वास तिकडे सोड."

आम्ही तिघं भिंतीसारखे उभे. तबकडीवरची सुई थरथरली, पुढे गेली, मागे आली. भाऊजी तिच्याकडे बघत थांबून राहिले. शेवटी ती स्थिर झाली तेव्हा त्यांनी वाकून, डोळा तबकडीच्या समोर आणून वाचलं, तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली, आणि सरळ झाले.

"सात," ते म्हणाले. "गोणपाट सोडून. सात किलो."

हात लांब केले नाहीत. हात खाली, अंगालगत. डोळ्यांत मात्र पाणी होतं, आणि तळ्याचं ते नव्हतं.

मग त्यांनी पुतण्याचा फोन मागितला. खाली आवाज नीट जात नाही म्हणून बांधावर चढले. आम्हाला खालून ऐकू येत होतं. "सूनबाई? मी बोलतोय! सात! काट्यावर सात! ऐकू येतंय का? काट्यावर! मसाला वाट!" वारा होता, ते ओरडत होते, आणि मग त्यांनी फोन कानापासून दूर धरून आमच्याकडे बघत मान डोलावली. कळलं म्हणाली.

परत येताना ते मागे माझ्या शेजारी बसले. मासा डिकीत ठेवू दिला नाही, पायांशी घेतला. घराचं वळण आलं तसे पुढे वाकून आरशात बघत त्यांनी केस सारखे केले. मला इतकं हसू आलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

दारातच वाटलेल्या मसाल्याचा वास आला. स्वयंपाकघर लख्ख. माझी अर्धवट राहिलेली फळी पूर्ण पुसलेली, नवा कागद, भांडी जागच्या जागी. गॅसवर आमचं मधलं पातेलं, त्यात फोडणी तयार. सूनबाई हात पुसत पुढे आली आणि आमच्या ह्यांनी आणि पुतण्याने गोणपाट ओट्यावर ठेवून उघडलं. शेपटी ओट्याच्या बाहेर लोंबायला लागली.

धाकटीच्या हातातला डाव तसाच वर राहिला. "अगं बाई!"

"आई," सूनबाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "हा साडेतीनचा नाहीये."

"साडेतीन?" भाऊजी म्हणाले. "साडेतीन कुठून आलं?"

"तुम्हीच म्हणालात ना बाबा फोनवर, काठावर सात! मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मग निम्मं कर. मी साडेतीनचाच मसाला वाटला."

"काठावर नाही गं! काट्यावर! काट्यावर म्हटलं मी! दोनदा म्हटलं!"

"मला दोन्ही वेळा काठावरच ऐकू आलं."

मग धाकटी डाव ओट्यावर ठेवून खालीच बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना. "अहो... आयुष्यात एकदा... एकदा वजन खरं सांगितलंत... आणि नेमकं तेच कुणाला नीट ऐकू आलं नाही!"

हे हसले, पुतण्या हसला, मीही हसले. पण माझं लक्ष भाऊजींकडे होतं. ते हसत नव्हते, सूनबाईकडे बघत होते. आणि ती पोरगी, देव तिचं भलं करो, तीही हसत नव्हती. ती माशाकडे बघत होती, डोळे असे मोठे करून. मग म्हणाली, "बाबा, काटा कुठाय? मला बघायचंय."

दारातल्या झोपाळ्याच्या कडीला काटा टांगला. परत आधी गोणपाट, मग मासा. सूनबाई चवड्यांवर उभी राहून तबकडीला डोळा लावून होती. "गोणपाट सोडून... सातला थोडंसं कमी आहे, बाबा. जाऊ दे, सातच म्हणू या."

"नाही," भाऊजी म्हणाले. "पाणी निथळलंय त्याचं. आता सहा नऊशे आहे. सहा नऊशेच म्हणायचं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. "सहा नऊशे," ती म्हणाली. मग अगदी पहिल्या दिवसासारखा हनुवटीवर हात ठेवून झोपाळ्याच्या कडेला टेकली. "आता सांगा. दोरी कशी गेली?"

आणि भाऊजींनी सांगितलं. सगळं. बूच कसं आडवं झालं इथपासून दादाची चप्पल कुठे गेली इथपर्यंत. मासा तेव्हा दोनदा फिरला होता की चारदा, यावर मी काही बोलले नाही. फेऱ्यांचं वजन कुणी करत नाही.

मसाला परत वाटायला घेतला. अडचण आली ती भांड्याची. मधल्या पातेल्यात हा मासा मावणं शक्य नव्हतं. मी स्टुलावर चढून वर बघितलं, तर उजव्या कोपऱ्यात मोठ्या पातेल्याची जागा रिकामी.

"ते शिवणवाल्या मावशींना दिलं," सूनबाई ओशाळून म्हणाली. "त्यांच्याकडे उद्या माणसं जेवायला आहेत. मला वाटलं साडेतीनला आपल्याला लागणार नाही."

"मी आणतो," पुतण्या उठला.

"तू बस!" भाऊजी जवळजवळ ओरडलेच. "मी जातो."

शिवणवाल्या मावशी कशाला, कुणासाठी, किती जणांचं हे विचारल्याशिवाय चमचाही हातावर ठेवत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. धाकटीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"भाऊजी," मी म्हटलं, "किती सांगणार त्यांना?"

"जे आहे ते, वहिनी."

ते पायरी उतरले. उतरताना दोन्ही हात नकळत बाजूला जायला लागले होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात खिशात घातले. मग भाऊजी शिवणवाल्या मावशींकडे मोठं पातेलं आणायला गेले.